बर्फावरची थाळीफेक

"पावणं, ही थाळी लईच हलकी हो. हिच्यात भात वाढला तर वाऱ्यानं भातासकट उडून जाईल."

माझे सासरे, हिंदुराव चव्हाण, लाल प्लास्टिकची तबकडी तळहातावर तोलत उभे होते. डिसेंबरचा पहिला आठवडा. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि उजेड असा की जणू आत्ताच फटफटलंय. फिनलंडमधल्या तांपेरे गावाबाहेरच्या जंगलात आम्ही दोघेच होतो. आदल्या रात्री बर्फावर पाऊस पडून गेला होता. वर पाणी आणि खाली काच, अशी जमिनीची अवस्था.

"फेका तर खरं, मामा," मी म्हटलं. "हलकी आहे म्हणूनच अवघड आहे. पहिल्यांदा सगळ्यांचीच वाकडी जाते."

मामांनी पाय रोवले, कमरेतून वळले आणि सोडली. थाळी झाडांमधल्या बोळातून सरळ गेली, शेवटी जराशी डावीकडे वळली आणि टोपलीपासून दहा-बारा पावलांवर बर्फात जाऊन रुतली.

"वा, मामा!" मी म्हणालो. मनात काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खेळ तसा सोपा आहे. खांबावर लोखंडी टोपली असते, तिच्यावर साखळ्या लटकत असतात. लांबून थाळी फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. अशा नऊ टोपल्या. उन्हाळ्यात अख्खं गाव खेळतं, हिवाळ्यात फक्त वेडे. बर्फात थाळी सापडावी म्हणून तिच्या पाठीला चिकटपट्टीने लांब रिबिनी चिकटवायच्या. मी तीन वर्षं खेळत होतो. ऑफिसच्या गटात माझा नंबर कायम शेवटून पहिला. फिनिश माणसं हसत नाहीत, हेच मला जास्त लागायचं.

आणि मामा चौतीस वर्षं इचलकरंजीच्या शाळेत पीटीचे मास्तर. कॉलेजात असताना थाळीफेकीत विद्यापीठात पहिले आलेले. दोन किलोची लाकडी थाळी फेकणारा माणूस. त्यांच्या हातात मी ही प्लास्टिकची बशी दिली, ती कशासाठी, तर एकदा तरी कुणाला तरी हरवावं म्हणून! आपला शहाणपणा असा असतो.

खरं तर मामा तिथे खेळायला आलेच नव्हते. ते बाळंतपण करायला आले होते.

हो, बरोबर वाचलंत. माझ्या बायकोला, सारिकाला, नववा लागला होता. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण इथले डॉक्टर, इथला विमा, म्हणून इथेच करायचं ठरलं. मी म्हटलं, दोघं मिळून निभावू. तर एक दिवस मामांचा फोन. "सारू, मी येतोय. तुझी आई असती तर आलीच असती. तिच्या वाटणीचं मी करणार." आणि नुसतं बोलून थांबले नाहीत. गल्लीतल्या शेवंताबाई बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायच्या, त्यांच्यामागे दोन महिने हिंडले. पाटावर बसून पाय पसरायचे, पोर पायांवर पालथं घालायचं, तेल कसं जिरवायचं, डोक्यावरून पाणी घालताना तळहाताचा आडोसा कसा धरायचा, सगळं शिकले. भाचीच्या पोराला चाळीस दिवस रोज न्हाऊ घातलं. अडुसष्ट वर्षांचा, पिळदार दंडांचा, मिशीवाला माणूस! सगळी गल्ली हसली म्हणे. मामांनी कुणाची फिकीर केली नाही.

येताना डिंक, अळीव, बाळंतशेप, वेखंड, तेलाच्या दोन बाटल्या आणि चक्क लाकडी पाट घेऊन आले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पावणं, सव्वा महिना पोर माझ्या हातात. तुम्ही निवांत हापिसला जावा."

माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. पोर माझं, घर माझं आणि मी निवांत हापिसला जावा? घरात दिवसभर बापलेकीचं इचलकरंजीचं बोलणं चालायचं. सारिका खदाखदा हसायची. माझ्याशी ती इतकी कधी हसली होती, ते मला आठवेना. एकदा तर मी कोमट पाण्यात कोपर बुडवून बघत होतो, बाळाचं पाणी कसं तपासायचं म्हणून, तर म्हणाली, "राहू दे रे, शिरीष. दादा आहेत ना. तुला नाही जमायचं." वडिलांना ती दादा म्हणायची. ती सहज बोलली. मी मात्र ते उराशी धरून बसलो.

त्या दिवशी सकाळी मी मामांना हळूच म्हटलं, आमचा एक खेळ दाखवतो, तुमच्या थाळीफेकीसारखाच आहे. त्यांचे डोळे लकाकले. पण सारिकाचे कान तिखट. "त्या खेळाला नेऊ नकोस हं त्यांना! बाहेर बर्फावर पाणी साचलंय."

"छे गं, दुकानात जाऊन येतो," मी म्हटलं.

"मग दादा, जाताना तेवढी कचऱ्याची पिशवी न्या खाली."

मामांनी पिशवी उचलली. बिल्डिंगच्या खालीच कचऱ्याची शेड होती, तिथे टाकली आणि गाडीत बसले. लेकीशी खोटं बोललो म्हणून त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. पण जावई बोलला म्हटल्यावर सासरा त्याला खोटं कसा पाडणार?

गाडीतून उतरल्यावर मी डिकीतून खिळ्यांचे पट्टे काढले. बुटांवर खालून चढवायचे रबरी पट्टे असतात, त्यांना बारीक खिळे. बर्फावर त्यांच्याशिवाय धडगत नाही. माझ्याकडे एकच जोड होता.

"मामा, तुम्ही घाला," मी म्हटलं.

मामा दोन पावलं मागेच सरकले. "काय बोलताय पावणं! लग्नात ज्यांचे पाय धुतले त्यांच्या पायातलं काढून मी घालू? माझ्या मालकिणीनं वरनं चप्पल मारली असती."

"अहो, त्यात काय एवढं…"

"न्हाई न्हाई. तुम्ही घाला. माझे बूट चांगले हायेत."

मी पुन्हा विचारलं नाही. ते नको म्हणणार हे मला विचारण्याआधीच ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच विचारलं, असं आज वाटतं. मी वाकून पट्टे चढवले. मामा तेवढ्यात सुरुवातीला लावलेल्या पाटीपाशी गेले होते.

"ह्याच्यावर काय लिवलंय, पावणं?"

"काही नाही. कुत्र्याला पट्टा बांधा, कचरा टाकू नका. नेहमीचंच."

तर असा आमचा खेळ सुरू झाला. पहिली टोपली मामांनी जिंकली, दुसरीही. तिसरी मी कशीबशी मारली. त्यांना चालता येत नव्हतं, पण फेकता येत होतं. प्रत्येक फेकीआधी ते बुटाच्या टाचेने बर्फ खरवडून पाय ठेवण्यापुरती जागा करायचे. चालताना झाडांना धरत, तोल सावरत, "आयला, ही जमीन हाय का तेलाची कढई!" म्हणत हसायचे. मी खिळ्यांवर कच्-कच् करत पुढे जाऊन उभा राहायचो. हात दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

मध्येच एका झाडाला टेकून ते म्हणाले, "पावणं, एक सांगू? आज लई दिवसांनी अंगात आल्यासारखं वाटतंय. ही गेल्यापासनं मी मैदानावर पाऊलच टाकलं नव्हतं. तुम्ही आणलंत, बरं केलंत."

चांगल्या माणसाला हे ऐकून लाज वाटली असती. मी पुढचा हिशेब करत होतो. आठ टोपल्या झाल्या तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. नववीवर जो जिंकेल तो जिंकला.

नववी टोपली एका टेकाडावर आहे. माझी पहिली फेक छान गेली, टोपलीपासून आठ पावलांवर. मामांची त्याहून जोरात गेली, एका झाडावर आपटली, कडेवर उभी राहिली आणि गाडीच्या चाकासारखी घरंगळत टेकाडाखाली गेली. खाली पावसाचं सगळं पाणी येऊन गोठलं होतं. हिरवट, गुळगुळीत, वर अर्धं बोट पाणी. त्याच्या मधोमध लाल थाळी, रिबिनी पाण्यात भिजलेल्या.

जो लांब असतो तो आधी फेकतो. मामा कडेकडेने उतरले, बर्फावर एक पाय ठेवला आणि पटकन मागे घेतला. मान वर करून मला म्हणाले, "पावणं, हितं पाय ठरत न्हाई. थाळी दोन-तीन पावलं मागं घेऊन मातीवरनं टाकली तर चालंल का?"

चाललं असतं. पाटीवर खालच्या दोन ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या नव्हत्या. हिवाळ्यात पाय ठेवायची जागा धोक्याची असेल तर टोपलीच्या विरुद्ध दिशेला तीन पावलांपर्यंत मागे या, दंड नाही. फिनिश मला मोडकंतोडकं येतं, पण त्या ओळी मी शंभरदा वाचल्या होत्या. स्वतः कितीदा तरी मागे आलो होतो.

मी टेकाडावरून म्हणालो, "नाही ना, मामा. नियम म्हणजे नियम. थाळी जिथे, तिथूनच."

चौतीस वर्षं पोरांना हेच सांगत आलेला माणूस तो. रेषेला पाय लागला की फेक बाद. त्यांनी लगेच मान डोलावली. "बरोबर हाय. नियम म्हंजे नियम."

मग ते त्या काचेवर गेले. एक-एक वीत पाय सरकवत. थाळी उचलली, पाय फाकवले, टाचेने खरवडायचा प्रयत्न केला, पण तिथे खरवडण्यासारखं काही नव्हतंच. माझ्याकडे बघून हसले. कमरेतून वळले.

दोन्ही पाय एकदम गेले. थाळी कुठेतरी झुडपात गेली. मामा उजव्या हातावर पडले आणि तसेच बसून राहिले. मी धावलो. खाली जाऊन बघतो तर उजवं मनगट मधूनच वाकलेलं, एखाद्या काटेचमच्याला वाकवावं तसं.

"काय न्हाई, काय न्हाई," ते म्हणत होते. ओठ पांढरेफटक पडले होते. "मुरगळलंय."

त्यांना गाडीपर्यंत आणायला वीस मिनिटं लागली. मी त्यांच्या काखेत हात घालून चाललो होतो आणि माझ्या खिळ्यांचा कच्-कच् आवाज मला ऐकवत नव्हता. गाडीत बसल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"पावणं, सारूला हे खेळाचं सांगायचं न्हाई."

"मामा…"

"ऐका माझं. ती तुमच्यावर रागवंल. नवव्या महिन्यात बाईनं डोक्यात राग घेऊ नये. आणि अशा दिवसांत नवरा-बायकोत वाकडं नको. कचरा टाकायला उतरलो, शेडपाशी घसरलो, तिथनं थेट दवाखान्यात. बास. तुम्ही गप बसायचं, बोलायचं काम माझं."

मी स्टेअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. म्हणायला हवं होतं, नाही मामा, मी सांगतो. जिभेवर आलंही होतं. पण खरं सांगू का? आधी मला हायसं वाटलं. सुटलो बुवा, असं वाटलं. तो एक क्षण मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

दवाखान्यातून त्यांनीच डाव्या हाताने फोन धरून सारिकाला सांगितलं. ती धावत आली, म्हणजे त्या अवस्थेत जेवढं धावता येईल तेवढी. मनगटाची दोन हाडं मोडली होती. ऑपरेशन करून पट्टी आणि स्क्रू घालावे लागणार होते. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम, या वयात पूर्वीसारखी पकड येईलच असं नाही. मी भाषांतर करत होतो. 'पकड' हा शब्द आला तिथे मी अडखळलो. मामांनी खाली बघितलं. रडले नाहीत. फक्त विचारलं, "पोराला धरता येईल का, विचारा त्यांना."

विचारलं. त्या म्हणाल्या, मांडीवर घेता येईल. आंघोळ नको.

सारिका भिंतीला टेकून उभी होती. "मी दिली ती पिशवी," ती म्हणाली. "माझं मेलीचं नडलं. शिरीष जात होताच ना खाली, त्याच्याकडे द्यायची. बापाला कुणी कचरा टाकायला लावतं का?"

"अगं, वेडी का काय तू?" मामा म्हणाले.

गप बसायचं काम मी मनापासून केलं.

आठव्या दिवशी जुई झाली. घरी आणल्यावर मामांनी मला बाथरूममध्ये पाट मांडायला लावला. स्वतः दारात खुर्चीवर बसले, प्लास्टर गळ्यात. "पावणं, बसा. पाय पसरा. पँट वर घ्या. आता पोरीला पालथी घाला, डोकं पावलांकडं. भिऊ नका."

आणि सव्वा महिना, रोज सकाळी नऊ वाजता, त्यांनी तोंडाने आणि मी हातांनी माझ्या मुलीला न्हाऊ घातलं. "जरा जोर लावा, ती काय कापूर न्हाई विरघळायला. हां. आता पाठीवरनं खाली. खाली म्हणलं ना मी! आता डोस्क्यावर पाणी, हाताचा आडोसा धरा, डोळ्यात जातंय बघा." शेवंताबाईंकडून शिकलेलं सगळं त्यांनी मला शिकवलं, काही हातचं राखलं नाही. सारिका खाटेवरून हसायची. म्हणायची, "बघ, जमलं की तुला!" मामाही म्हणायचे, "आमच्या पावण्यांचा हात लई हलका हाय."

मी ज्याच्यासाठी जळत होतो ते सगळं मला मिळालं. पोर माझ्या हातात आलं, बायको कौतुक करायला लागली. आणि मिळालं कसं, ते मला आणि त्या खुर्चीवरल्या माणसालाच ठाऊक होतं. रोज तेल लावताना मी वर बघायचं टाळायचो. वर बघितलं की दिसायचं, त्यांची डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलतायत. मी जिथे चोळत होतो तिथे तिथे, त्याच लयीत.

प्लास्टर निघालं. बोटं सुजलेली, मूठ अर्धीच मिटायची. व्हिसा नव्वद दिवसांचा. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पाट मांडायला सांगितला आणि स्वतः बसले. सारिका म्हणाली, "दादा, नको." ते म्हणाले, "पाणी न्हाई घालत. नुसतं तेल." मी जुईला त्यांच्या पायांवर ठेवलं. त्यांनी उजवा तळवा तिच्या पाठीवर टेकवला, दाबायला गेले आणि कळ आली असणार, तोंडातून हूं की चूं निघालं नाही, पण हात तसाच थरथरत राहिला. पोरगी वळवळली, घसरायला लागली. मी झडप घालून धरली.

"घ्या पावणं," ते म्हणाले. "तुम्हीच घ्या."

त्यानंतर ते इथे परत आले नाहीत. आम्ही दर दोन वर्षांनी जायचो. मनगट कायमचं जरा बाकदार राहिलं. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी जाऊन बसायचे, पोरांना सांगायचे, दाखवता मात्र यायचं नाही. माझ्याशी वागणं तसूभरही बदललं नाही. तेच पावणं, तोच पहिला मान, ताटात तेच पहिलं वाढप. मी दोनदा एकट्यात गाठून बोलायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला. "झालं गेलं. पोरगी बघा कशी टुणटुणीत हाय, तुमच्या हातची न्हालेली." पाटीवरच्या त्या दोन ओळी त्यांना मी कधीच सांगितल्या नाहीत. नियमच तसा होता, असं समजून ते गेले. गेल्या जूनमध्ये, झोपेतच.

आणि सारिका? ती दर हिवाळ्यात, पहिला बर्फ पडला की एकदा तरी म्हणायची, "मी दिली होती ती पिशवी." नऊ वर्षं. कचरा त्या दिवसापासून तिने मला किंवा जुईला कधी नेऊ दिला नाही, स्वतःच नेते. मला वाटायचं, बोलण्याची सवय असते, माणसं बोलतात. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

परवा शुक्रवारी जुई शाळेतून चिठ्ठी घेऊन आली. सोमवारी अख्ख्या वर्गाला थाळ्या फेकायला नेणार होते, त्याच जंगलात. आईची सही हवी होती. बाहेर पाऊस पडत होता आणि खाली बर्फ होता.

"नको," सारिका म्हणाली. "बर्फावर पाणी असताना नको. तुझ्या आजोबांना मी असंच एकदा बर्फावर धाडलं, कचऱ्याची पिशवी घेऊन. म्हणून तुला त्यांच्या हातची आंघोळ मिळाली नाही."

"आई, मग ती तुझी चूक होती?" जुईने विचारलं. नऊ वर्षांची मुलं सरळ विचारतात.

"हो बाळा. माझीच."

ती रडत नव्हती. मेथी निवडत होती. नव्या कुणाला आपलं नाव-गाव सांगावं तसं तिने ते सांगितलं. मला तिथे बसवेना. जुईला मी आत पाठवलं, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि बसून सगळं सांगितलं. दुकानात जातो म्हणालो ते खोटं. कचऱ्याच्या शेडपाशी कुणी घसरलंच नव्हतं ते. खिळ्यांचे पट्टे. पाटी. तीन पावलं मागे येता आलं असतं ते. मामांनी विचारलं होतं तेही. मी काय उत्तर दिलं तेही.

मेथीची जुडी सारिकाच्या हातात तशीच राहिली. कचऱ्याचं ऐकल्यावर एकदा डोळे मिटून तिने मोठा श्वास सोडला. नऊ वर्षं डोक्यावर घेतलेलं ओझं उतरल्यावर माणूस आनंदी होत असेल, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"पडल्यावर तरी धावलास ना त्यांच्याकडे?" तिने विचारलं. तिला माझ्या बाजूचं काहीतरी हवं होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं.

हो म्हणालो असतो तर निभावलं असतं. मघाशी तुम्हालाही मी धावलो असंच सांगितलंय. इतकी वर्षं स्वतःलाही तसंच सांगत आलोय.

"लगेच नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"ते खाली बसले होते. हात पोटाशी धरून. मी वरून विचारलं, लागलं का? ते म्हणाले, काय न्हाई. आणि म्हणाले, पावणं, तुमची फेक राहिलीय. टाका."

सारिकाने मेथीची जुडी खाली ठेवली.

"मग?"

"मग मी टाकली."

बाहेर पागोळ्या वाजत होत्या. जुई आतल्या खोलीत फोनवर मैत्रिणीशी फिनिशमध्ये भराभर बोलत होती.

"गेली आत?" सारिकाने विचारलं.

"गेली."

"दादा काय म्हणाले?"

"शाब्बास पावणं, म्हणाले. आणि टाळी वाजवायला गेले. तेव्हा मला त्यांचं मनगट दिसलं."